मास्तरांनी आणलेली उशी

कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर कापडाच्या बाबतीत महाचिकट. तागा पसरला की बाहीच्या कुशीत कॉलर, कॉलरच्या बगलेत खिसा असे साचे मांडायचे, की मधे मुंगीलाही जागा उरू नये. दुसऱ्याच्या टेबलाखाली कातरणाचं पोतं दिसलं, की त्यांचा पारा चढलाच! "कुणीतरी राबून विणलंय हे. कचऱ्यात घालायला?"

घरी बायकोचं रडगाणं वेगळंच. लग्न झाल्यापासून तिला चिंध्या भरून एक उशी करायची होती.

"शेजारणीचा नवरा पोतंभर आणतो. तुम्ही मूठभर तरी आणा!"

"उरलं तर आणीन ना!"

निवृत्तीच्या दिवशी शिलाईवाल्या बायकांनी मास्तरांच्या हातावर टाचण्या टोचायची डाळिंबाएवढी उशी ठेवली. "तुमच्या टेबलाचं अख्ख्या महिन्याचं कातरण आहे यात. एवढंच निघालं!"

मास्तरांची छाती गजभर फुगली. घरी येऊन त्यांनी ती ऐटीत बायकोपुढे धरली. तिनं उलटसुलट पाहिली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीस वर्षांनी का होईना, आणलीत बाई एकदाची उशी! आता या मापाचं डोकंही बेतून द्या."