फितूर साक्षीदार

फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा, एवढंच मला शाळेपासून ठाऊक होतं. कोर्टात त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो ऐंशीच्या दशकात मुलुंडला राहत असताना कळला.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून आमच्या शेजाऱ्याचं आणि घरमालकाच्या मुकादमाचं वाजलं. शेजारी जिन्यावरून पडला, त्याचा हात मोडला. आरडाओरडा ऐकून मी दार उघडलं तेव्हा तो खाली पडला होता आणि मुकादम वर उभा होता. हवालदाराला मी तेवढंच सांगितलं. त्याने काय लिहून घेतलं ते मला दाखवलं नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी जबाब वाचला. मुकादमाने ढकलल्याचं मी ‘समक्ष पाहिले’ असं त्यात होतं. मी असं बोललोच नाही, म्हटल्यावर ते म्हणाले, मग तुम्हाला फितूर जाहीर करावं लागेल.

शेजारी जवळच उभा होता. “अरे, त्यानेच ढकललंय मला. तेवढं बोलायला तुझं काय जातं?”

त्याचं खरं असावं, असं मलाही वाटत होतं. पण मी पाहिलं नव्हतं, आणि त्याला दुसरा साक्षीदार नव्हता.

पिंजऱ्यात पाहिलं तेवढंच सांगितलं. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची न्यायाधीशांकडे परवानगी मागितली आणि ज्यांनी मला बोलावलं तेच माझी उलटतपासणी घेऊ लागले. मी मुकादमाला सामील झालो, हे खरं ना? “खोटं आहे,” मी म्हणालो, पण आवाज असा कापत होता की ऐकणाऱ्याला मीच खोटा वाटलो असेन.

बाहेर आल्यावर मुकादमाने सगळ्यांदेखत मला हात जोडले. शेजाऱ्याने ते पाहिलं. काही महिन्यांनी मुकादम सुटला.

निकालानंतर शेजारी जिन्यात समोर आला. आमची वर्षानुवर्षांची अरे-तुरेची मैत्री. हात अजून दुखतो का रे, मी विचारलं.

“बरा आहे,” तो म्हणाला. “तुम्ही कसे आहात?”

आणि उत्तरासाठी न थांबता वर गेला.