सोलापूरच्या ग्रंथालयात ऐकलेली गोष्ट

आंबा घाट चढून एसटी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "सोलापूरला काय, चादरी आणायला?"

"नाही, ग्रंथालय बघायला."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसल्या.

पण खरंच तेवढ्यासाठी निघाले होते. सोलापूरच्या सरकारी ग्रंथालयाचा वर्धापनदिन होता. त्यानिमित्त ग्रंथालयाच्या इतिहासाचं प्रदर्शन आणि जिल्ह्यातल्या लेखकांचा मेळावा भरणार होता. देवरुखात आम्ही काही मैत्रिणी मिळून एक लहानसं वाचनालय चालवतो. "तू जा, बघ आणि आल्यावर सगळं लिहून दे," असं त्यांनी फर्मावलं. म्हणून हे लिहिणं.

सांगोला सोडलं आणि जमीन सपाट होत गेली. आपल्याकडे नजर कुठे ना कुठे डोंगराला अडते. इथे ती अडतच नाही. मंगळवेढ्याच्या आसपास दोन्ही बाजूंना काळं रान आणि त्यात कणसांनी वाकलेली ज्वारी. ऊन कोरडं, स्वच्छ. एरवी कोकणात घामाने चिकचिकणारी मी पहिल्यांदाच थंडीच्या दिवसांत इतकं ऊन अंगावर घेत बसले आणि मला ते आवडलं.

रात्र स्टँडजवळच्या लॉजवर काढली. सकाळी रिक्षावाल्याला "लायब्ररी" म्हटलं, तर त्याने मला एका अभ्यासिकेच्या दारात नेऊन सोडलं. आत स्पर्धा परीक्षेची मुलं माना खाली घालून बसलेली. मी परत फिरले तर तो तिथेच उभा होता.

"ये नक्को? फिर कौनसी होना, मौसी?"

"सरकारी. जुनी. आज कार्यक्रम आहे बघा तिथे."

"तो पयले बोलना ना! उधर तो मेरी भाबी बी गई है," असं म्हणून त्याने रिक्षा वळवली आणि वाटेत दिसलेली प्रत्येक इमारत मला समजावून सांगितली.

ग्रंथालय काळ्या दगडाचं, बसकं, पुढे मोठं कडुनिंबाचं झाड. दारात रांगोळी. आत पाय ठेवला आणि जुन्या कागदाचा ओळखीचा वास आला. स्वागताला ग्रंथपाल बाई स्वतः उभ्या होत्या. विणकर कुटुंबातल्या. "आमच्या घरी तेलुगू, शेजारी उर्दू, आजोळी कानडी, आणि शाळा मराठी," त्या हसत म्हणाल्या. त्यांच्या कपाटांचंही तसंच होतं. चार भाषांची पुस्तकं अशी मांडलेली, की एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना घराच्या एका खोलीतून दुसरीत गेल्यासारखं वाटावं.

प्रदर्शनात जुने फोटो होते. फेटेवाले वाचक एकाच वर्तमानपत्राभोवती गोळा झालेत. गिरणीची पाळी सुटल्यावर आलेले कामगार सदरा झटकून बाकावर बसलेत. एका फोटोत पडद्याआड बायकांसाठी ठेवलेला कोपरा दिसतो. पुढच्या फोटोत तोच कोपरा, पण पडदा नाही. मी त्या दोन फोटोंपुढे बराच वेळ उभी होते. पलीकडच्या भिंतीवर जिल्ह्यातले लेखक. करकंबचे एक मास्तर, टेंभुर्णीचे कविता करणारे एसटी कंडक्टर, मागावर बसता बसता नाटकं लिहिणारे एक आजोबा. प्रत्येकाच्या फोटोखाली त्याच्या पुस्तकाचा एक उतारा, त्याच्या गावच्या बोलीत, एकही शब्द न सुधारता. हे मला फार मोलाचं वाटलं.

दुपारी झाडाखाली पंगत बसली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि वाटीत हुलग्याचं माडगं (हुलगे म्हणजे आपले कुळीथ. त्यांच्या पिठाची गूळ घालून केलेली पातळ पेज). कुळीथ गोड? मी बिचकतच ओठाला लावलं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"लई घिऊ नगा, झोप येतीया," शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "माज्या सुनंचं वाचन हाय दुपारी."

त्या मंद्रूपच्या केराबाई. त्यांच्या पलीकडे त्यांची सून सुनंदा बसली होती. पन्नाशीची, शेती सांभाळून कथा लिहिणारी. दुपारच्या वाचनात तिचीच कथा होती. गावातून एक जीप भरून माणसं ती ऐकायला आली होती. पण सुनंदाच्या पानातली भाकरी तशीच होती.

जेवण उरकल्यावर ती सासूला झाडामागे घेऊन गेली. मी तिथल्याच नळावर हात धूत होते. निघून जावं की काय या विचारात असतानाच तिचं बोलणं कानावर आलं.

"आत्या," ती म्हणाली. (इकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात.) "ती गोष्ट तुमची हाय. खुरपताना तुमी मला सांगितली हुती, ती. मामा दुसरी बायको आणणार हुते, तवा तुमी पोरीला काखंत मारून सोलापूरला आलता, ती. मी तुमाला न इचारता लिवली, माज्या पुस्तकात छापली. आज सगळं गाव बसलंय आत. तुमी नगं म्हणाला तर दुसरी वाचते."

केराबाईंनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता या घरी निघतील.

"माजं नाव घातलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय हो! नाव बदललंय. शेवंता केलंय."

"आन् ही शेवंता कोण?" केराबाईंचा आवाज चढला. "घर सोडलं मी. त्या पद्मशाळ्याच्या बाईकडं राहून बिड्या वळल्या मी. आन् नाव शेवंताचं व्हय? माजं घाल की!"

 सुनंदाचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि आम्ही दोघी एकदमच हसलो. तिचे डोळे मात्र भरले होते.

सभागृह गच्च भरलं होतं. मंद्रूपची मंडळी पुढच्या रांगांत. सुनंदाने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "केराबाई पहाटं उठली." रांगांमध्ये हलकी चुळबुळ झाली. काही माना मागे वळल्या. केराबाई ताठ बसून राहिल्या.

कथा साधी होती. पोरीवर पोरी झाल्या म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न ठरवलेलं. धाकटी कडेवर घेऊन ही सोलापूरला येते. तिची भाषा न कळणारी एक पद्मशाळी विणकर बाई तिला ओसरीत जागा देते, बिड्या वळायला शिकवते. हातात पहिल्यांदाच स्वतःची कमाई येते. मग एके दिवशी सासरे दारात उभे राहतात.

"केराबाई गप उठली," सुनंदाने वाचलं. "पोरीला घेतलं आन् सासऱ्यामागं चालाय लागली."

"गप न्हाय उठले!"

सगळे वळले. केराबाई उभ्या राहिल्या होत्या. "ह्ये तुला सांगितलं न्हवतं मी. कुणालाच न्हाय सांगितलं."

सुनंदाने पुस्तक खाली ठेवलं. "मग तुमीच सांगा, आत्या."

ग्रंथपाल बाई माईक घेऊन निघाल्या, पण केराबाईंनी हाताने नको म्हटलं. त्यांचा आवाज तसाही शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता.

"मी उंबऱ्यात बसले. म्हनलं, मामंजी, दुसरी आणायची न्हाय असं तुमी हितं, ह्या बाईम्होरं बोला. बोलला तर येते. न्हायतर माजी रोजची भाकरी हितं मिळतीया. ते लई येळ हुबं हुते. बाईला आमचं बोलणं कळंना, पर ती माज्या शेजारी यून बसली. मग ते बोलले. तवा उठले मी."

त्या खाली बसल्या.  मंद्रूपच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या, हळूहळू चालत आल्या आणि केराबाईंचा हात हातात घेऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या. टाळ्या त्यानंतर पडल्या आणि थांबायचं नाव घेईनात. ग्रंथपाल बाई माईक हातात तसाच धरून रडत होत्या.

निघताना सुनंदाने मला आपलं पुस्तक दिलं. परतीच्या एसटीत मी ती कथा काढून वाचली. छापलेल्या पानावर शेवंता गप उठते आणि सासऱ्यामागून चालू लागते. वाचताना माझ्या मनात आलं, त्या भिंतीवर बोलीतले शब्द जसेच्या तसे जपणाऱ्या माणसांनी खरं तर केराबाईंच्या त्या उठून बोलण्यासाठीच जागा करून ठेवली होती. पुस्तकं ठेवायची ती त्यांच्यासमोर माणसांना बोलावंसं वाटावं म्हणून. ते दगडी ग्रंथालय इतकी वर्षं हेच करत आलं असणार. मला त्यातली एक दुपार मिळाली.

सुनंदाचं पुस्तक आता आपल्या वाचनालयाच्या कपाटात आहे. न्यायला याल तेव्हा घाई करू नका. त्या कथेचा शेवट मी तोंडी सांगते.