पुण्याचं विमान काकडीच्या माळावर

धाकट्या बहिणीचं लग्न राहुरीच्या चर्चमध्ये दुपारी चार वाजता होतं आणि त्या सकाळी मी बंगळूरच्या विमानतळावर आत्याची व्हीलचेअर ढकलत होते. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिच्या मुलाकडे झालं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला तो अगदी लग्नाच्या तोंडावर. मुलाला रजा मिळेना, म्हणून तिला आणायला मी गेले.

आत्या आल्याशिवाय हे लग्न लागणारच नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकटी शाळेतसुद्धा जात नव्हती. आई शेतात असायची, आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं आपल्या मुलाच्या जोडीला हिलाही वाढवलं. चर्चमध्ये नवरीचा हात धरून तिला आत आणायचं काम बापाचं. एका चुलत्यांनी "मी आणतो की" म्हणून पाहिलं. धाकटी म्हणाली, "आत्या आणील. न्हाईतर मी एकटी चालत येईन." चुलत्यांनी आपलं नाव मागं घेतलं.

आमचे हे पुण्याच्या विमानतळावर गाडी घेऊन येणार होते. दहाच्या सुमारास उतरायचं, शिरूर-नगर करत जेवणाच्या वेळेला घरी. हिशेबात चूक काहीच नव्हती.

पण विमान उतरायची वेळ झाली आणि ते गोल फिरायला लागलं. एक घिरटी, मग आणखी एक. कडेच्या खुर्चीवर पुण्याचे एक गृहस्थ बसले होते. ते दर थोड्या वेळानं घड्याळ बघत आणि उसासा टाकत. शेवटी वैमानिकाचा आवाज आला. पुण्याच्या धावपट्टीवर काही अडचण झाली आहे, ती मोकळी व्हायला वेळ लागेल, तोवर आपण शिर्डीला उतरतो आहोत.

विमानात एकच गलका उठला. गृहस्थ म्हणाले, "शिर्डी? तिथं काय करायचं आम्ही?"

आत्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. "काय म्हनला गं तो? शिर्डी?"

"हो."

"म्हंजे घराकडंच की!"

आणि ती खिडकीला नाक लावून बसली. खाली हिवाळ्यातला आमचा मुलूख होता. गव्हाचे हिरवे चौकोन, उसाचे गर्द पट्टे, मधे मधे पिवळा माळ. मग एकाएकी पाणी दिसलं, बोटं पसरल्यासारखं डोंगरांत शिरलेलं. "मुळा धरण!" आत्या एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढचे दोघे वळले. "आन् ती बघ राहुरी. ती कारखान्याची चिमनी. अगं, चर्च दिसतंय का बघ." चर्च काही दिसलं नाही, पण मी "दिसलं" म्हटलं. आपलं लग्नघर पायाखालून मागं जाताना मी पहिल्यांदाच बघत होते.

शिर्डीचा विमानतळ काकडी गावच्या माळावर आहे; तिथं विमान टेकलं आणि थांबलं. हवाई सुंदरीनं सांगितलं, कुणी उठू नका, दार उघडणार नाही, पुण्याचा निरोप आला की निघू. मोबाईल सुरू करून मी ह्यांना फोन लावला.

"कुठं आहात?" हे म्हणाले. "इथं बोर्डावर नुसतं 'उशीर' लिहिलंय."

"शिर्डीत."

"काय?"

"काकडीला उतरलोय. तुम्ही तिथंच थांबा, सांगते मी."

आत्यानं तोवर डोक्यावरचं बटण दाबलं होतं. हवाई सुंदरी आली. बोलण्यावरून नागपूरकडची वाटली.

"बाई, मला इथं उतरायचं हाय," आत्या म्हणाली.

"आजी, हे पुण्याचं विमान आहे. इथं उतरता येत नाही."

"पुन्याला उतरून मी परत हिकडंच येनार. माझं घर इथून तासाभरावर हाय. आज माझ्या पोरीचं लग्न हाय, आन् तिचा हात मला द्यायचाय. आता तूच सांग, मी पुन्याला जाऊन काय करू?"

मुलगी हसली, पण मान हलवली. "नियम आहेत, आजी."

"नियम मीबी पाळले. जन्मभर सरकारी दवाखान्यात नोकरी केली. नियम कुनी केला त्याला इचारायला कुठं मनाई असती? जा, त्या चालवनाऱ्याला इचारून ये."

आत्यानं आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. वॉर्डातल्या नव्या नर्सला काम सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि ती मुलगी खरोखर पुढं गेली. पुण्याचे गृहस्थ आता घड्याळ विसरले होते. मला म्हणाले, "तुमच्या आत्यांना सोडणार हे लोक."

बराच वेळ गेला. विमानात उकडू लागलं. मग वैमानिक स्वतःच दारातून बाहेर आला. चाळिशीतला, शांत माणूस. आत्याच्या खुर्चीपाशी वाकून म्हणाला, "परवानगी मिळाली आहे. पण दोन गोष्टी आहेत. तुमची मोठी बॅग खालच्या कप्प्यात आहे, ती पुण्यालाच जाईल. आणि इथं शिडीनं उतरावं लागेल."

बॅगेत आत्याची लग्नासाठी घेतलेली मोतिया रंगाची रेशमी साडी होती. महिनाभर ती फोनवर त्याच साडीबद्दल बोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"साडी काय, कुनाचीबी नेसता येती," ती म्हणाली. "चला."

खुर्चीसकट खाली उतरवणारी गाडी मिळते का बघतो, थोडं थांबा, असं दारापाशी कर्मचारी सांगत होते. आत्यानं काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी शिडीचा कठडा धरला आणि चांगला पाय आधी की दुखरा, असं मनाशी पुटपुटत एकेक पायरी उतरू लागली. मी तिच्या पुढं उलटी उतरत होते. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. मधे ती एकदाच थांबली. चेहरा घामानं भिजला होता. "बसू या का?" मी विचारलं. "शिडीवर काय बसती?" ती म्हणाली आणि पुढचा पाय टाकला. जमिनीवर आली तेव्हा विमानाच्या दारातून टाळ्या ऐकू आल्या.

बाहेरच्या टॅक्सीवाल्याला वाटलं, आम्ही दर्शनाला आलोय. "मंदिर ना, मावशी?"

"न्हाई रे बाबा, राहुरी. लग्न हाय."

मी वाटेत ह्यांना बॅगेच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि विमान आलं की बॅग घेऊन या, असं फोनवर सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. त्या 'बरं'मध्ये बरंच काही होतं.

घरी पोचलो तर दारात धाकटी उभी होती, अर्धी तयार, केसांत फुलं खोवलेली. आत्याला बघून रडायच्या बेतात होती. आत्या म्हणाली, "काजळ पसरंल. आधी मला साडी दे कुनाचीतरी." शेजारच्या बाईंनी त्यांची निळी साडी आणून दिली. ती आत्याला जरा आखूड झाली. तिनं तिकडे बघितलंही नाही.

चार वाजता चर्चचं दार उघडलं. आत्याच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात धाकटीचा हात. दोघी इतक्या सावकाश चालत आल्या की पेटीवाल्याला तेच गाणं पुन्हा वाजवावं लागलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "या मुलीला या पुरुषाच्या हाती कोण देतं?"

उत्तराला एक 'मी' पुरतो. आत्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी. हिची आत्या."

आई माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी वडिलांचा विचार करत होतो आणि त्या दिवशी तो विचार जड वाटला नाही.

हे आले ते पंगत उठत असताना. विमान पुण्याला दुपारी उशिरा गेलं होतं, आणि वाघोलीत वाहतूक अडली होती. भलीमोठी बॅग ओढत ते मांडवात शिरले तेव्हा आत्या नव्या जावयाशी बोलत बसली होती. ती ह्यांना म्हणाली, "या जावईबापू, लई उशीर केला. लांबून आलात का?"

हे हसले, बॅग खाली ठेवली आणि पान वाढायला सांगितलं. मी त्यांच्या पानात जिलेबी जरा जास्तच वाढली.