नानांनी झांजा धरल्या

भुसावळच्या एका लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरोनेट वाजवायचो. ऐंशीच्या सुमारास लागलो तेव्हा वाटलं होतं, नोकरी मिळेपर्यंत एखाद-दोन उन्हाळे काढू. नोकरी मिळाली नाही. उन्हाळे मात्र निघत गेले.

बँड नानांचा. ते माझे नातलग नव्हते, पण अख्खी वस्ती त्यांना नानाच म्हणायची. तरुणपणी रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डानं त्यांना ट्रम्पेट शिकवलं होतं. तिथल्या क्लबात साहेबलोक जोडीजोडीनं नाचायचे आणि नाना स्टेजवर वाजवायचे. ती माणसं एकेक करत परदेशी गेली, नाच बंद पडले, तेव्हा नानांनी वस्तीतले लोक जमवून हा बँड उभा केला.

आमचं काम भर उन्हाळ्यात. गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड लाल कोट, डोक्यावर टोपी आणि हातात तापलेलं वाद्य. दुपारी एक गाव, संध्याकाळी दुसरं. टेम्पोत ढोलाला टेकून डोळे मिटायचे आणि उतरलं की पुन्हा तीच गाणी. नाचणाऱ्यांना दमायला होत नसे, कारण त्यांच्या घरचं लग्न एकच असायचं.

पुढं नानांचे वरचे दात गेले. ट्रम्पेट वाजवताना सगळा दाब त्या दातांवरच येतो. त्यांनी कवळी बसवून घेतली आणि आम्ही जामनेरच्या एका लग्नाला गेलो. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. बाजारपेठेत ऐन गाण्यात ट्रम्पेट ऐकू येईना. मी वळून पाहिलं. नानांनी ट्रम्पेट ओठांना लावलं होतं, बोटंही चालत होती, पण आवाज नव्हता. मी क्लॅरोनेट जोरात धरलं आणि गाणं कसंबसं देवळापर्यंत ओढलं. वऱ्हाडाला काही कळलं नाही.

नवरदेव देवळात गेल्यावर नाना लिंबाखाली बसले. कवळी काढून रुमालात गुंडाळली.

"हवाच धरत नाही," ते म्हणाले.

"दुसरी करून घेऊ नाना."

"ही दुसरीच आहे."

त्यांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "इथून मांडवापर्यंत तू पुढं ऱ्हाय."

"आणि तुम्ही?"

आमचा झांजवाला त्याच वर्षी वरणगावच्या कारखान्यात कामाला लागला होता. त्याच्या झांजा टेम्पोतच पडून होत्या. नाना उठले, त्या घेऊन आले आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

तिथंच ते पुढची कित्येक वर्षं उभे होते. लोक मला मास्तर म्हणू लागले, पण पाठीमागं ते आहेत म्हणून माझी मान अवघडलेलीच असायची. एकदा मी म्हणालो, "नाना, उन्हात कशाला येता? घरी बसा आता."

"घरी बसून काय करू? तिथं तर झांजाही नाहीत."

नव्वदनंतर मोठाल्या स्पीकरच्या गाड्या आल्या. आमच्यातली माणसं एकेक करून दुसऱ्या कामाला लागली. शेवटी उरलो ते सात-आठजण केळीच्या बागांमधल्या एका गावी लग्नाला गेलो. आम्ही वाजवायला लागलो आणि मागून स्पीकरची गाडी आली. नवरदेवाचे मित्र आम्हाला सोडून गाडीपुढं नाचायला गेले. आम्ही अर्ध्या गाण्यातून थांबलो, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

नवरदेवाचे काका जवळ आले. माणूस भला होता. हात जोडून म्हणाले, "भाऊ, पोरं ऐकत नाहीत. तुम्ही जेवून घ्या."

आम्ही कोट न काढताच पंगतीला बसलो. वरण-बट्टी होती. नाना बट्टी कुस्करून वरणात भिजवत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. पाय दुखत होते आणि बसायला मिळालं होतं, एवढंच तेव्हा कळत होतं.

"वरण चांगलं केलंय," नाना म्हणाले.

पुढच्या लग्नसराईत आमच्याकडं सुपारी घेऊन कोणी आलं नाही. बँड बंद केला, असं कोणी म्हटलंही नाही. तोवर मी घराच्या ओट्यावर छोटं दुकान मांडलं होतं. नाना दुपारी यायचे.

"कोणी आलं होतं का?"

"नाही."

"बरं."

मग चहा घेऊन ते ऊन उतरेपर्यंत ओट्यावरच डुलकी काढायचे. गिऱ्हाईक नसलं की मीही भिंतीला टेकायचो.