उघाडी लावून येतो

"आजा येणार नाही. लिहून घे माझ्याकडून," हेमांगी म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ अल्पेश जिन्याकडे बघत होता. वसईतल्या त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर दोघं रात्रभर बसून होते. आतल्या खोलीत त्यांची आजी, पुतळाबाई, खुब्याचं हाड मोडून पडली होती. थोड्या वेळात तिचं ऑपरेशन होतं. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, त्यात साखर. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की भूल सोसली तर सोसली. आईबाबा सुरतेहून निघाले होते, पण पावसानं रस्ता तुंबला म्हणून वाटेतच अडकले होते. आणि जो माणूस सगळ्यांच्या आधी इथे असायला हवा होता, तो जयराम आजोबा गावात खाडीच्या बांधावर होता.

काल संध्याकाळी आजी ओल्या ओट्यावरून घसरली. अल्पेश नुकताच सातिवलीहून कामावरून आला होता, त्यानं शेजाऱ्याचा टेम्पो बोलावला, चार जणांनी तिला फळीवर घालून अलगद चढवलं. आजोबांनी तिच्या अंगावर घोंगडी घातली, कपाळावरून हात फिरवला, आणि टेम्पोत चढायचं सोडून खाडीकडे मान वळवली. "भरती लागलीय. तुम्ही व्हा पुढं. मी उघाडी लावून येतो."

रात्र गेली तरी त्यांचा पत्ता नव्हता. फोन करावा तर तो घरात कोनाड्यात वाजत असणार. खाडीवर जाताना ते फोन कधी नेत नसत, भिजतो म्हणून.

आता उघाडी म्हणजे काय, तर खाडीच्या बांधातलं दार. दगडी खांबांच्या खाचांत एकावर एक बसवायच्या जाडजूड फळ्या, आणि त्यांच्या फटींत थापायचा चिखल. ओहोटीला फळ्या काढायच्या, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरतीच्या आधी लावायच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. लावायला चुकलात की भाताचं रोप करपलं, काढायला चुकलात की कुजलं. आणि भरती काय माणसाची सोय बघून येते? आज ऐन जेवणाच्या वेळी, तर चार दिवसांनी साखरझोपेत. गावाची सगळी खारजमीन त्या एका दाराच्या भरवशावर होती. दार आधी जयरामच्या बापाकडे होतं. बाप गेला आणि ते मिसरूडही न फुटलेल्या जयरामच्या गळ्यात पडलं.

तेव्हापासून हा माणूस गावाबाहेर एक रात्र झोपलेला नाही. अहो, खरंच नाही! दुसऱ्या कोणाच्या हातात फळी दिली तर त्याचा जीव थाऱ्यावर नसे, आणि ह्या स्वभावापायी लग्न झाल्या झाल्या त्यानं जी शोभा करून घेतली, ती आजी इतक्यांदा सांगायची की हेमांगीला तोंडपाठ होती.

पुतळाबाईचं माहेर अर्नाळ्याला, वाडीच्या मागेच समुद्र. लग्नानंतर नवं जोडपं पहिल्यांदा तिकडे गेलं. सासऱ्यांनी जावयासाठी पापलेटं तळवली, भावकी बोलावली, पाट मांडले. जयराम हात धुवायला परसात गेला, तर समोर पाणी चढताना दिसलं. उघाडी धाकट्या चुलतभावाच्या हवाली करून आला होता, तरी ह्याला धीर धरवेना. बरं, कोणाला सांगावं की नाही? छे! सासऱ्यांची सायकल उचलली आणि ओल्या हातांनी सुटला, तो थेट आपल्या खाडीपर्यंत. पोचला तेव्हा धाप लागून बोलता येत नव्हतं. आणि खाडीत पाहतो तर नुसता चिखल! भरती आधी अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागते, मग कुठे वळसे घेत आत खाडीत चढते, हे त्या बावळटाच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर खाडी पाहिलेली, उघडा समुद्र भरताना पाहिला तो त्या दिवशी. चुलतभाऊ बांधावर शेंगा खात निवांत बसला होता. म्हणाला, "दादा, एवढ्यात आलास? भांडन झालं काय?"

तिकडे पापलेटं गार झाली, आणि जावई विहिरीत पडला की काय म्हणून भावकी गळ टाकून बसली. सासऱ्यांना फार लागलं ते. मुलीला परत धाडणारच नाही म्हणाले. महिनाभर धाडलंही नाही. शेवटी तीच एका सकाळी बोचकं काखेत मारून एसटीत बसली. "काय करनार गो," आजी पदर तोंडाला लावून हसायची, "माझी सवत हाय ती उघाडी. लाकडाची हाय, म्हनून झिंज्या उपटता येत नाय."

आजी हसायची, पण हेमांगीला हसू यायचं नाही. तिचा आजोबांवर जीव होता, नव्हता असं कोण म्हणेल? पावसाळ्यात तिला खांद्यावर घेऊन ते बांधावर जायचे, फळ्यांपाशी अडकलेल्या कोळंब्या तिच्या डब्यात टाकायचे, खेकडा कसा धरायचा ते दाखवायचे. तिला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचे, मात्र मध्ये एकदा उठून खाडीवर जाऊन यायचेच. पण तिच्या लग्नात हा लाडका आजा जेवला, आशीर्वाद दिला, आणि पाठवणीच्या वेळी दिसला नाही. ती गाडीचं दार धरून रडत उभी राहिली होती, सगळे घाई करत होते, आणि कोणीतरी म्हणालं की जयरामभाऊ केव्हाच गेले, भरती होती ना. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

पुढे लोकांनी खारजमिनी विकल्या. भराव पडले, गोदामं उठली, आणि त्यांच्या पत्र्यांवरचं पाणी उताराला लागून आजोबांच्याच उरलेल्या दोन तुकड्यांत येऊन तुंबू लागलं. अख्ख्या गावाची उघाडी आता एकट्या आजोबांची झाली. बाकीच्यांना फळ्यांना हात लावायचं कारणच उरलं नाही. "कोनासाठी करतोस आता?" लोक विचारायचे. "भातासाठी," असं म्हणून ते चालू लागायचे.

हेमांगीनं विरारला फ्लॅट घेतला तेव्हा तिनं दोघांनाही राहायला बोलावलं होतं. आली एकटी आजी, हातात पिशवी घेऊन. दुसऱ्याच दिवशी तिची चुळबुळ सुरू झाली, ह्यांना चहा कोन देईल, ह्यांची गोळी ऱ्हाईल. निघताना चपला घालता घालता ती सहज बोलून गेली, "एकदा तरी दोघांनी मिळून कुठंतरी ऱ्हायला हवं होतं गो." हवं होतं! म्हणजे त्या बाईनं आशाच सोडली होती. त्या दिवसापासून हेमांगीच्या मनात आजोबांविषयी राग घर करून बसला होता.

आज पहाटे आजीनं एकदाच विचारलं, "आले काय?"

"येतील," अल्पेश म्हणाला.

"नाय येनार. अमावास्या हाय, मोठं उधान. रोप टाकलंय नवं." एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं. वेदनेनं रात्रभर कण्हली होती पण रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं, आणि हेमांगी उठून बाहेर आली. अशी वेळ आली आणि ह्या माणसाला फळ्याच दिसतात? आजी आतून परत आली नाही तर? आजन्म बोलणार नाही त्याच्याशी, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

स्ट्रेचर आलं. नर्सनं आजीच्या सोन्याच्या बांगड्या उतरवून हेमांगीच्या हातात दिल्या, हिरव्या काचेच्या कापू का म्हणून विचारलं, तर आजीनं हात मागे घेतला. मग नर्सनं त्यांच्यावर पट्टी गुंडाळली. स्ट्रेचर लिफ्टकडे निघालं, तेवढ्यात जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला. वॉचमन कोणाला तरी अडवत होता. "काका, असे आत जाऊ नका! फरशी बघा, फरशी!"

जयराम आजोबा वर आले. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, पंचा खोचलेला, गुडघ्यापर्यंत खाडीचा काळा चिखल. पायांत चपला नव्हत्या. मागे जिन्यावर एकेक पाऊल उमटलेलं. टेम्पोवाल्या शेजाऱ्याकडून ऑपरेशनचं कळलं, तसे कोणाच्या तरी दुधाच्या गाडीत बसून आले होते. हेमांगीनं रात्रभर शब्द जमवून ठेवले होते. "आलास?" एवढंच म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते स्ट्रेचरपाशी जाऊन उभे राहिले.

आजीनं डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. "उघाडी लावली?"

"नाय."

"म्हंजे?"

"रातच्याला लावली होती. पहाटे ओहोटीला काढली, पावसाचं पानी लई साठलं होतं. आता परत लावायची होती." ते थांबले, दम घेतला. "लावत बसलो असतो तर तुला आत नेली असती."

"अवो, याड लागलं काय तुम्हाला?" आजी उठूनच बसायला निघाली, नर्सनं खांदा धरला. "उधान हाय आज! दार सताड उघडं टाकून आलात? अल्पेश, तू जा रे, गाडी काढ, आत्ता जाशील तर..."

अल्पेश खरंच खिशात किल्ली चाचपू लागला. आजोबांनी त्याचं मनगट धरलं. "कुठं नाय जायचं. पोचेपर्यंत पानी आलेलं असेल. येऊ दे."

"आनि रोप?"

"जाईल."

लिफ्टचं दार उघडून वॉर्डबॉय ताटकळला होता, पण त्याचीही घाई करायची हिंमत झाली नाही. आजी नवऱ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. मग तिनं मान वळवली. "हेमांगी, हात लावून बघ गो आजाला. ताप बीप आलाय काय?" तिचे ओठ हसत होते.

"ताप नाय," आजोबा म्हणाले. "मी आता हितंच हाय. तू घरी येशील तवाच मी घरी जानार. अल्पेश, मागनं माझी चादर आन."

हेमांगीच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या. तिला रडू आवरेना, आणि ते आवरायचं तरी कशाला, असंही वाटलं.

"वर्षभर खानार काय मग?" आजीनं विचारलं. "रोप गेल्यावर?"

आजोबांनी तिच्या गालावरचं पाणी पुसायला बोट पुढे केलं, तर बोटाचा चिखल गालाला लागला. त्यांनी तो पंच्याच्या ओल्या टोकानं पुसला, नीट, सावकाश.

"रोप परत टाकता येतं, गो," ते म्हणाले, आणि स्ट्रेचरची कड धरून अनवाणी तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले.