तिची बकरी
आज सकाळी सुनेनं कुरड्यांसाठी गव्हाचा चीक शिजवला आणि त्या आंबूस वासानं मला आर्णीचं आमचं जुनं अंगण आठवलं. लग्नाला दोनच महिने झाले होते. सासूबाईंनी बाजेवर कुरड्या वाळत घातल्या, मला राखणीला बसवलं आणि त्या बारशाला गेल्या. ऊन असं, की कडुनिंबाखाली माझा डोळाच लागला. जाग आली तर एक मोकाट गाय शेवटच्या कुरड्या चावत होती. आता हे माहेरपर्यंत जाणार म्हणून मी रडायलाच लागले. शेजारची माझी मैत्रीण धावत आली, तिनं गाय हाकलली, तेवढ्यात सासूबाई दारात. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "काकू, माही बकरी सुटली वो. तिनंच खाल्ल्या." "तुह्या बकरीले आमचंच आंगण सापडलं काय वो?" "काय करू, तुमच्या हातच्या कुरड्याच तशा हायेत!" तरी तिला बोलणी बसलीच. बकरी तर त्याच पहाटे व्यालेली, घरात पिलांपाशी बांधलेली होती. पुढं गल्लीत कुणाचं काही खाल्लं गेलं की बायका तिच्याच बकरीचं नाव घेत. ती हसायची, मी गप्प. गेल्या महिन्यात तिच्या तेरवीलाही बकरीची गोष्ट निघाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. आज सून म्हणाली, "आई, बसता का जरा राखणीले?" बसते म्हटलं, पण आधी तिला सांगून टाकलं, की त्या कुरड्या बकरीनं खाल्ल्या नव्हत्या.