कानावरची पेन्सिल

दादा फरशीवर उकिडवा बसून खडूने दार आखत होता आणि सर त्या नसलेल्या दारातून आतबाहेर करत होते.

दादाची कामाची रीतच तशी. नकाशाबिकाशा गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणायचा. जे बनवायचं ते आधी खऱ्या मापात फरशीवर काढायचं, गिऱ्हाइकाला त्यात फिरवायचं, त्याने मान डोलावली की सगळ्याची मिळून एक ठोक रक्कम सांगायची. नंतर कुणी 'जाता जाता तेवढी एक फळी' म्हणालं, की दादा कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकायचा. बोलायचा काही नाही, नुसता बघत राहायचा. 'किती वाढतील?' असं समोरच्याच्या तोंडून आल्याशिवाय पेन्सिल कानावर परत जायची नाही. भल्याभल्यांना घाम फुटायचा. त्याच्याच कामांवर पॉलिश मारणारी धाकटी बहीण लांबून गालात हसायची.

पण हे सर होते. शाळेत सगळे दादाला ठोकळा म्हणायचे, तेव्हा सरांनी त्याने बनवलेलं स्टूल वर्गात ठेवून घेतलं होतं. खुर्ची बाजूला सारून त्या स्टुलावर बसून शिकवायचे. शाळा सुटली, स्टूल मनातून सुटलं नाही. आता सर रिटायर होऊन स्वतःचा क्लास काढत होते. बाकं आणि एक दार, एवढंच काम. दादाने रक्कमही कमीच सांगितली.

तरी बहिणीने हिशेब बसवला होता. दादा ज्या शेडमध्ये काम करायचा तिचा मालक अडून बसला होता: वर्षाचं भाडं एकदम टाका, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. या कामातून पैसे नीट सुटले तर शेड राहत होती. नाही तर नाही.

बाकं झाली आणि सर म्हणाले, वर एक माळा काढ ना बाळा, जुनी पुस्तकं कुठे ठेवू? बहिणीने दादाच्या कानाकडे बघितलं. पेन्सिल जागच्या जागी. मग मध्ये एक लाकडी भिंत हवी झाली, मुलामुलींचे वर्ग वेगळे करायला. मग भिंतभर कपाटं, त्यांना काचेची दारं. प्रत्येक वेळी सर खांद्यावर हात ठेवायचे, प्रत्येक वेळी दादा मान हलवून माप घ्यायचा. प्लायवुड उधारीवर आलं. जोडीचा कारागीर दुसऱ्या कामावर निघून गेला, त्याला तरी किती दिवस थांबवणार.

"दादा, पेन्सिल," ती एकदा हळूच म्हणाली.

"तू तुझं पॉलिश बघ," दादा म्हणाला.

शेवटच्या दिवशी सरांनी ठरलेली रक्कम हातावर ठेवली. एक नोट कमी नाही, एक जास्त नाही. दादाने न मोजताच खिशात टाकली. तिला राहवलं नाही.

"सर, वरच्या कामाचं काय धरायचं?"

सर हसले. "अगं, आमचं आधीच ठरलंय. शब्द म्हणजे शब्द. विचार तुझ्या दादाला."

तिने दादाकडे बघितलं. दादा खाली बसून फरशीवरचे खडूचे डाग ओल्या फडक्याने पुसत होता. "ठरलंय," तो म्हणाला. "तू हत्यारं उचल."

शेड गेली. दादा आता एका कारखान्यात रोजावर खोकी ठोकतो. तिथे माप साहेब देतो, त्यामुळे पेन्सिल लागत नाही. सरांबद्दल वाकडं बोललं की अजूनही ताटावरून उठतो. सरांना आधी कुठे सुचलं असणार, म्हणतो, माणसाला काम बघता बघताच सुचतं. बहिणीने वाद घालणं सोडून दिलं. तिलाही अधूनमधून वाटायचं, असेल बाबा तसं.

मग तिला एका टकल्या मिस्त्रीकडे पॉलिशचं काम मिळालं. डबा खाताना क्लासचा विषय निघाला तसा तो हसला. ते काम आधी त्याच्याकडे आलं होतं, दादाने खडू हातात घ्यायच्याही आधी. बाकं, दार, माळा, मधली भिंत, काचेची कपाटं, सगळं सरांनी पहिल्याच बैठकीत घडाघडा सांगितलं होतं. त्याने आकडा सांगितल्यावर सर उठले.

"जाताना म्हणाले, राहू दे," मिस्त्री म्हणाला. "माझा एक विद्यार्थी आहे, तो करेल."